गोलकीपरचं ताट

माझं ताट वॉशिंग मशीनवर ठेवलेलं होतं. स्टीलचं. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीत आमटी. मशीन चालू होतं म्हणून ताट थरथरत होतं आणि आमटी सांडून पोळीखाली गेली होती.

काकू लाँड्रीच्या, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीच्या दारात उभ्या. तोंडावर मास्क नाही. हसत होत्या. म्हणाल्या, "आजपासून तू इथेच जेव हं बाळा. केसेस वाढल्यात ना परत. आणि झालं की ताट तूच धू, बाहेरच्या नळावर. स्पंज ठेवलाय तिथे, हिरवा."

मी म्हटलं, "ओके काकू. नो वरीज."

खरंच म्हटलं. नो वरीज. मशीनला टेकून उभ्याने जेवले. प्रॅक्टिसहून आले होते, कडकडून भूक लागली होती. भिजलेली पोळी पण खाल्ली. मग मागच्या दाराने बाहेर गेले. नळ कचऱ्याच्या बिन्सशेजारी. इथला ऑगस्ट म्हणजे हिवाळा. पाण्याने बोटं बधिर झाली. मी गोलकीपर, बोटं जपायची असतात. तेवढंच डोक्यात आलं, उद्या मॅच आहे आणि बोटं गारठलीत. अपमान वगैरे काही कळलं नाही. तो कळायला मला अकरा दिवस लागले. काकूंचा राग येतो तो येतोच, पण त्या अकरा दिवसांचा मला माझाच जास्त राग येतो.

२०२० सालची गोष्ट. मी सोळा वर्षांची. आम्ही ऑस्ट्रेलियात पोर्ट केम्बलाला राहायचो, वॉलॉंगॉंगच्या खाली. स्टीलवर्क्स आहे तिथे. वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची. पप्पा इथे शिकायला आले होते, युनीमध्ये म्हणजे युनिव्हर्सिटीत. मी आठ वर्षांची होते तेव्हा आम्ही सगळे आलो. शिक्षण अर्धवट राहिलं, व्हिसा टेम्पररीच राहिला, आणि पप्पा एका कंत्राटदाराकडे टाक्या धुवायच्या कामाला लागले. पुण्यात त्यांच्या मित्रांना वाटायचं, इंजिनिअर झालाय. पप्पांनी कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. आई हॉस्पिटलमध्ये साफसफाईला. धाकटी बहीण इथेच झाली, तेव्हा पाच वर्षांची.

कोविड आला आणि कंत्राटदाराने पप्पांना घरी बसवलं. सरकारने लोकांना मदत दिली. टेम्पररी व्हिसावाल्यांना काही नाही. आपापल्या देशात परत जा म्हणाले. विमानं बंद. कसं जायचं, पोहत? आईच्या पगारावर घर चाललं, आणि आईला कोविडच्या वॉर्डात टाकलेलं. ती घरी आली की आधी बाथरूम, मग आम्ही. मी बहिणीला धरून ठेवायचे, ती आईकडे झेप घ्यायची म्हणून.

अशा घरात माझा फुटबॉल होता.

इथे त्याला सॉकर म्हणतात. आमच्या सरकारी हायस्कूलच्या मुलींच्या टीमला कुणी गोलकीपर व्हायला तयार नव्हतं. मी झाले, कारण कीपरचे ग्लोव्ह्ज शाळा द्यायची. पुढे खेळायचं तर चांगले बूट स्वतःचे लागायचे. एवढं साधं कारण. पण मी उंच, पप्पांवर गेलेली, आणि मला बॉलची भीती वाटायची नाही. मुली किक मारताना डोळे कुठे बघतात ते मला कळायचं. कसं कळायचं ते नाही सांगता येणार.

लॉकडाउनच्या आधी, फेब्रुवारीत, एका स्पर्धेत सिडनीच्या एका मोठ्या प्रायव्हेट शाळेची कोच मला बघून गेली. बेक तिचं नाव. जूनमध्ये तिचा फोन आला. त्यांची कीपर शेजारच्या क्वीन्सलँड राज्यातली होती, बॉर्डर बंद झाली आणि ती तिकडेच अडकली. जागा रिकामी होती. फी माफ, पुस्तकं, युनिफॉर्म, सगळं शाळेचं. अकरावी आणि बारावी, दोन वर्षं. त्या शाळेच्या मुलींना पुढे युनी खेळावर घ्यायच्या, काहींना अमेरिकेत बोलवायच्या.

पप्पांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. फोन झाल्यावर ते म्हणाले, "हे बघ, आपल्याला बाहेर पडायला दुसरं काही नाहीये. तू निघालीस तर आम्ही निघू. तुझं नाही झालं तर आमचं काही होत नाही आता."

सोळा वर्षांच्या पोरीला हे सांगायचं नसतं. पण खोटं नव्हतं.

एक अडचण होती. शाळेचं हॉस्टेल कोविडमुळे बंद. सकाळी सहाला प्रॅक्टिस. पोर्ट केम्बलाहून ट्रेनने सिडनीतलं पॅरामॅटा, तिथून पुढे बस, सहाला पोहोचणं शक्यच नाही. बेकनेच तोड काढली. शाळेत एक मराठी मुलगी होती, ईशा, माझ्याच वर्गात. तिचे आईवडील मला ठेवून घ्यायला तयार झाले. बेक खूश. मला म्हणाली, "दे आर युअर पीपल. यू विल फील ॲट होम."

आईही खूश. म्हणाली, चला, आपली माणसं मिळाली. पोळी-भाजी तरी मिळेल पोरीला.

घर मोठं होतं, चढावर, पुढे लिंबाचं झाड. काका, म्हणजे ईशाचे वडील, पॅरामॅटाच्या एका ऑफिसात आयटीत मोठ्या पदावर, तेव्हा घरूनच काम करायचे. पुण्याचे. पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं, मी सांगितलं. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. गाव विचारलं. मी म्हटलं, मला नीट माहीत नाही, आईला विचारून सांगते. काका म्हणाले, "असू दे, असू दे."

आई कोविड वॉर्डात काम करते म्हणून पहिले चौदा दिवस मी मागच्या खोलीत वेगळी राहिले. ताट दाराशी यायचं. ते बरोबरच होतं, मला त्याचं काही वाटलं नाही. चौदा दिवस झाले, टेस्ट निगेटिव्ह आली, मी टेबलावर आले. काकू गरम पोळी वाढायच्या. काका माझ्या मॅचबद्दल विचारायचे. ईशा फारसं बोलायची नाही, पण तिने मला तिचा जुना जाड स्वेटर दिला. टेबलावर जेवले त्या दहा दिवसांत मी दोन मॅचेस खेळले, एकही गोल खाल्ला नाही. बेकने मिठी मारली आणि मग आठवलं म्हणून पटकन मागे झाली. सगळ्या हसलो. मी सुखात होते, सांगायला लाज कशाला.

मग आईने फोन केला. काकूंचे आभार मानायला, व्हिडिओ कॉल. आईने त्यासाठी साडी नेसली होती. काकू म्हणाल्या, "दाखवा ना तुमचं घर, बघू तरी." आणि आईने फोन फिरवला. स्वयंपाकघर, खिडकीतून दिसणारा समुद्राचा तुकडा, आणि हॉल. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, आणि तिच्यावर निळ्या कोटातला फोटो. आमच्यासारख्या प्रत्येक घरात असतो तो. आईने रोजच्यासारखा हार घातला होता, प्लॅस्टिकच्या फुलांचा. काकू म्हणाल्या, "हो का. छान आहे हो." कॉल तीन-चार मिनिटांत संपला.

दुसऱ्या दिवशी माझं ताट लाँड्रीत.

तुम्ही म्हणाल, एवढं सरळ असून हिला कळलं कसं नाही? नाही कळलं. फोटो कुणाचा ते माहीत होतं. खूप शिकले, घटना लिहिली, आपले आहेत. पण दुसऱ्याच्या डोळ्याला त्या फोटोत काय दिसतं, ते मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. आई-पप्पांनी ठरवून नाही सांगितलं. त्यांना वाटलं, एवढा समुद्र ओलांडला, ते तिकडेच राहिलं. मला वाटलं कोविड. सगळं जगच तेव्हा एकमेकांपासून लांब उभं होतं. दुकानात जमिनीवर स्टिकर लावले होते, इथे उभे राहा. ट्रेनमध्ये हिरवे ठिपके, इथे बसा. त्यात लाँड्रीतलं एक ताट काय वेगळं वाटणार?

कपपण वेगळा झाला. मग टॉवेल मागच्या तारेवर वाळत घाल म्हणाल्या. मग म्हणाल्या, देवघराच्या बाजूने नको जाऊस, साईडच्या गेटने ये-जा कर. मी साईडच्या गेटने ये-जा केली. मॅच जिंकून यायचे आणि बिन्सच्या बाजूने आत शिरायचे.

एका रविवारी आईशी बोलताना मी सहज सांगितलं, की केसेस वाढल्यात म्हणून मी लाँड्रीत जेवते.

आई म्हणाली, "ईशा कुठे जेवते?"

"टेबलावर."

"ती पण तुझ्याच शाळेत जाते ना? त्याच बसने?"

"हो."

"म्हणजे फक्त तुझंच ताट?"

मी हो म्हटलं. मला वाटलं नेट गेलं. हॅलो हॅलो करत राहिले. मग ती म्हणाली, "नीट जेव. खेळावर लक्ष दे." आणि ठेवला. तिला कळलं होतं, आणि तिने मला तेव्हाही नाही सांगितलं. तिचा पण राग आहे मला. आहे म्हणजे आहे.

गणपती आले. थोडी माणसं घरी बोलवायला तेव्हा परवानगी होती. दोन कुटुंबं आली, सगळी पुण्याकडची, आणि ईशाची मैत्रीण आली, मॅडी. मॅडी आमच्या टीमची कॅप्टन. गोलच्या पुढे डिफेन्सला तीच असायची, मैदानावर मी सगळ्यात जास्त जिच्याशी बोलायचे ती. सोनेरी केसांची, ठार ऑस्ट्रेलियन, बीफ खाणारी. ती बूट काढून सरळ देवघरापर्यंत गेली. काकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. सगळ्यांनी फोटो काढले. तिला मोदक भरवला, हाताने. ईशाने मॅडीच्याच ताटातला पापड मोडून खाल्ला.

मी लाँड्रीतून बघत होते. दार अर्धं उघडं होतं. माझं ताट मशीनवर होतं. मोदक पण होता त्यात, नाही असं नाही.

मॅडीला मी दिसले. तिने हाक मारली, "हे! कम ईट विथ अस!"

ईशा न बघताच म्हणाली, "शी लाइक्स इट आउट देअर."

तिथे माझ्या डोक्यात लख्ख झालं. आईचा प्रश्न, कॉल, फोटो, साईडचं गेट, सगळं एका दमात. रडू नाही आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट उचललं. चालत गेले, देवघराच्या बाजूनेच गेले, आणि मॅडीच्या शेजारची खुर्ची ओढून टेबलावर बसले. पहिला घास घेतला.

पुण्याच्या एका मावशींनी पदर सावरला. काकू उठून उभ्या राहिल्या आणि काकांकडे बघायला लागल्या. काका मोठे हुशार. मराठीत एक शब्द बोलले नाहीत. मॅडीकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाले, "सॉरी लव्ह, शी इज सपोज्ड टू बी आयसोलेटिंग."

मॅडीने खुर्ची मागे सरकवली. चटकन. विस्तवाला हात लागल्यासारखी. तिची काय चूक, तिला वाटलं मला कोविड आहे. पण मी ते बघितलं. मला ती खुर्ची सरकलेली अजून ऐकू येते.

मी म्हटलं, "आय ॲम नॉट आयसोलेटिंग. माय टेस्ट वॉज निगेटिव्ह. दे पुट मी आउट देअर बिकॉज ऑफ माय कास्ट."

तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी वापरला. सोळा वर्षं लागली आणि तोही इंग्रजीत आला.

मॅडी म्हणाली, "युअर वॉट?"

काका हसले. "टीनेजर्स," म्हणाले. आलेले पाहुणे पण हसले. सगळे म्हणजे सगळे. त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की पोरगी काय म्हणतेय. त्यांना विचारायची गरज नव्हती.

मी जेवले. ताटातलं सगळं संपवलं. वरण-भात, मोदक, कोशिंबीर. एकेक करून सगळे उठले; ते उभे आणि मी एकटी बसून जेवत होते. मग खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली.

सोमवारी प्रॅक्टिसला गेले तर टीम लांब उभी. मॅडीने सगळ्यांना मेसेज केला होता, की काळजी घ्या, हिचं आयसोलेशन चालू आहे आणि ही सांगत नाहीये. बेकने मला एक वेगळा बॉल दिला. म्हणाली, टेस्ट करून घे, तोवर भिंतीवर मार. मी भिंतीवर मारला. पलीकडे त्या शूटिंगची प्रॅक्टिस करत होत्या, गोलमध्ये कुणी नाही, नुसतं जाळं. टेस्ट केली. निगेटिव्ह. बेकला दाखवली. ती म्हणाली, "ग्रेट, नो वरीज." मुलींना पण सांगितलं तिने. पण कॉर्नर किकच्या वेळी माझ्याभोवती जी गर्दी व्हायची ती परत कधी झाली नाही. मी हात वर केला की वाट मोकळी व्हायची.

त्याच दिवशी काकांनी शाळेला कळवलं, घरात वयस्कर माणसं येतात-जातात, तब्येतीच्या कारणाने मुलीला ठेवता येणार नाही. सगळं लेखी, सभ्य. कोविडने त्यांना शब्दसुद्धा शोधायला लावले नाहीत, सगळे आयते मिळाले. खबरदारी. अंतर. सुरक्षितता.

मी बेकला सगळं सांगितलं. वेगळं ताट, वेगळा कप, साईडचं गेट. ती मनापासून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बट एव्हरीवन इज कीपिंग देअर कप्स सेपरेट, मेट. इट्स कोविड." बाई वाईट नव्हती. पण तिला काय म्हणून समजवायचं? माझ्याकडे पुरावा काय? एक हिरवा स्पंज.

दुसरं घर मिळालं नाही. तेव्हा कोण कुणाला घरात घेत होतं? मी दोन आठवडे घरून ये-जा केली. पहिली ट्रेन धरली तरी प्रॅक्टिस अर्धी व्हायची. वर्गात झोप यायची. दोन मॅचेसना बाहेर बसवलं. मग शाळेने झूमवर मीटिंग बोलावली.

मीटिंगला शाळेच्या वेलबीइंग विभागाच्या बाई, बेक, आणि इकडे आम्ही तिघं, स्वयंपाकघरात. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाई म्हणाल्या, हे एक कल्चरल मिसअंडरस्टँडिंग दिसतंय. त्या कुटुंबाला फार वाईट वाटलंय, पाहुण्यांसमोर असा आरोप झाला म्हणून. तरी ते उदार आहेत. मला परत घ्यायला तयार आहेत. फक्त मी लिहून द्यायचं. मसुदा शाळेनेच आधी पाठवला होता. घरची आठवण येत होती, त्या भरात मी यजमान कुटुंबाबद्दल खोटं बोलले, त्याबद्दल मी माफी मागते. खाली माझं नाव, सहीला जागा.

झूम बंद झालं. पप्पांनी कागद प्रिंट करून आणला होता, लायब्ररीतून. आधीच. पेन पण काढून ठेवलं होतं.

"एक सही," ते म्हणाले. "कोण बघतंय? दोन वर्षांनी त्यांचं तोंड पण बघायचं नाही."

मी म्हटलं, "पप्पा, यात लिहिलंय मी खोटं बोलले."

"लिहू दे. कागद आहे."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती तरी. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, "मी कॉलेजला होते तेव्हा मेसमध्ये मला शेवटी वाढायचे. सगळ्यांचं झाल्यावर. तीन वर्षं. मी एक शब्द बोलले नाही, म्हणून डिग्री झाली. मी गिळलं. तू पण गिळ. तुला दोनच वर्षं गिळायचंय."

हे मला ती पहिल्यांदा सांगत होती. त्या वेळी, आणि ते सही करवून घ्यायला.

मी खूप विचार केला असं नाही. खोटं कशाला सांगू, विचार केलाच नाही. उभ्याने जेवले असते. नळावर ताट धुतलं असतं, दोन वर्षं काय, चार वर्षं. त्या पोरींनी मला वाट मोकळी करून दिली असती, मी तशी खेळले असते. पण माझ्याच हाताने लिहून द्यायचं, की असं काही झालंच नाही? मग आईच्या मेसमध्ये पण काही झालं नाही. मग कुणाच्याच बाबतीत कधीच काही झालं नाही, आणि आम्ही सगळे पिढ्यान्पिढ्या घरच्या आठवणीने रडतोय.

मी कागद परत पप्पांकडे सरकवला. "नाही करणार."

पप्पांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, पेन खिशाला लावलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. पुढच्या मार्चपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलायची, जेव, झोप, एवढंच.

शाळेने चांगलं पत्र पाठवलं. ऑल द बेस्ट. मी परत माझ्या सरकारी हायस्कूलला गेले. तिथे त्या वर्षी खेळच बंद करून टाकला होता. पुढच्या वर्षी परत लॉकडाउन. कीपरचं सतरावं-अठरावं वर्ष घरात बसून गेलं की गेलं. पुन्हा कुणी बघायला आलं नाही. अमेरिका नाही, युनी नाही. टेम्पररी व्हिसावर युनीची परदेशी विद्यार्थ्यांची जबर फी आमच्या कुणाच्या बापाला परवडणार नव्हती. बाहेर पडायची वाट एकच होती, आणि ती मीच बंद केली, असं पप्पा मानतात. ते बरोबर आहेत. मी त्यांची समजूत काढायला जात नाही.

आता मी वॉलॉंगॉंगला वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते, कूस बदलून देते. आई अजून हॉस्पिटलमध्ये. पप्पा डिलिव्हरीची गाडी चालवतात. व्हिसाचं अजून चालूच आहे.

गेल्या वर्षी ब्लॅकटाउनला भाजी घ्यायला गेले होते. इंडियन दुकानात काका दिसले, कढीपत्ता निवडत होते. ओळखलं मला. म्हणाले, "काय म्हणतेस बाळा, फुटबॉल चालू आहे का?"

मी मोठ्याने म्हटलं, "तुम्ही मला लाँड्रीत जेवायला घालत होता."

दुकानात मराठी माणसं होती. दोघांनी माना वळवल्या, आणि परत भेंडी निवडायला लागले. काका म्हणाले, "अगं कोविड होता तेव्हा." आणि कढीपत्ता पिशवीत घालून काउंटरकडे गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटतं त्यांना आता ते खरंच वाटतं.

मी हे लिहितेय ते त्यांना लाज वाटावी म्हणून नाही. नाही वाटणार. मन मोकळं व्हावं म्हणूनही नाही. माझं मन मोकळं झालेलं नाही.

गेल्या महिन्यात बहिणीच्या शाळेतून एक फॉर्म आला. ती आता दहा वर्षांची आहे. फुटबॉल खेळते, पुढे, स्ट्रायकर. चांगली आहे, माझ्याहून चांगली. सिडनीत सुट्टीतलं ट्रेनिंग आहे, आठ दिवस, मुलींना वेगवेगळ्या कुटुंबांकडे ठेवणार. तिने "इंडियन फॅमिली" च्या चौकोनात खूण केली होती, पोळी मिळेल म्हणून.

आईने फॉर्म बघितला आणि मला बाजूला घेतलं. "तिला काही सांगू नकोस. लहान आहे."

मी बहिणीला अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. आपण कोण, आपल्याला कोण काय म्हणतं, आजी-आजोबांचं काय झालं, आईचं मेसमध्ये काय झालं, माझं काय झालं, आणि पप्पा माझ्याशी कमी का बोलतात. ती इंग्रजीत विचारत राहिली, "बट वॉट डिड वी डू?"

"काही नाही."

"देन वाय?"

ती रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. रडणं थांबेपर्यंत शेजारी बसून राहिले आणि मग जे राहिलं होतं ते पण सांगितलं. आई खिडकीतून बघत होती. आत गेल्यावर म्हणाली, "झालं समाधान? पोरीचं लहानपण संपवलंस."

"हो," मी म्हटलं. "संपवलं."

तिला जायचं असेल तर ती जाईल. कदाचित तिचंही काही होणार नाही. पण आमच्या घरातून यापुढे कुणी आंधळं बाहेर पडणार नाही. दारात पाय ठेवताना तिला सगळं ठाऊक असेल, आणि तिच्यापुढे कुणी माफीचा कागद ठेवला तर तो तिच्या आधी मी फाडीन.